बुलढाणा जिल्ह्याचा समुद्रकिनारा

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही हे मला निघण्याआधीपासून माहीत होतं. भूगोलात मी कधी नापास झाले नव्हते. तरीही पाठीला केशरी लाइफ जॅकेट, हातात दोरखंडाचं वेटोळं, पिशवीत भरती-ओहोटीचं कोष्टक आणि पाण्याचा खारटपणा मोजायचं पेनाएवढं यंत्र घेऊन मी निघाले, कारण किनारपट्टीच्या दौऱ्यावर जाणाऱ्याने हे सगळं बरोबर न्यायचं असा आमच्या कार्यालयाचा शिरस्ता आहे. आणि साहेबांच्या मते मी किनारपट्टीच्याच दौऱ्यावर चालले होते.

आमचं काम तसं सरळ आहे. कोकणात गावोगाव हिंडायचं आणि पाण्याची विचारपूस करायची. मासळी कशी मिळते, होड्या किती, खाडीत घाण कोण सोडतं, वाळू कोण उपसतं. ही माहिती वर जाते आणि किनाऱ्याचं पाणी पुढच्यांनाही पुरेल अशा बेताने कसं वापरायचं, याचा आराखडा तिच्यावरून होतो. या खेपेच्या आराखड्यात कोण्या हुशार माणसाने किनाऱ्याची व्याख्याच बदलून टाकली. जिथे निसर्गतः खारं पाणी, तो किनारा. संगणकाने इमानेइतबारे खाऱ्या पाण्याची ठिकाणं शोधली आणि त्यात पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा निघाला. तिथे जमिनीखालचंच पाणी खारट आहे. मी साहेबांना म्हटलं, अहो, त्या गावातून समुद्र बघायचा तर अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. साहेब म्हणाले, "खारं पाणी आहे ना? मग समुद्र असलाच पाहिजे असं नियमात कुठे लिहिलंय?" मी नियम पाहिला. खरंच लिहिलेलं नव्हतं.

आराखड्यात एक कलम मात्र बरं होतं. ज्या किनारी गावात पिण्याचं पाणी खारं आहे असं तपासणीत ठरेल, त्या गावाला ते गोडं करणारं यंत्र बसवून मिळणार होतं. संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावाने तेवढंच कलम वाचून अर्ज केला होता. त्या गावाचं नाव मी इथे देत नाही. सरकारी नकाशावर सध्या ते समुद्रकाठी आहे आणि माझ्या लेखामुळे ते पुन्हा जमिनीवर यायला नको.

मलकापूर

मलकापूरला उतरले तेव्हा सकाळचं ऊन असं होतं की आमच्याकडे मे महिन्यातल्या दुपारीही एवढं नसतं. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाठींनी भरलेले ट्रक रांगेने उभे होते आणि हवेत कापसाचे धागे तरंगत होते. मला घ्यायला येणाऱ्या माणसाने मला कधी पाहिलेलं नव्हतं. पण अख्ख्या मलकापुरात लाइफ जॅकेट घातलेली बाई मी एकटीच होते, त्यामुळे त्याला फार शोधावं लागलं नाही.

हे पुंडलिकभाऊ. चाळिशीचे, हसतमुख, मिशीला टोक काढलेले. त्यांची बायको सुनंदाताई गावची सरपंच. बऱ्याच गावांत बायको सरपंच असली की कारभार नवरा करतो, पण इथे तसं नव्हतं. "मी फक्त गाडी चालवतो," ते म्हणाले. "गाव थे चालवते." त्यांनी आधी मला कचोरी आणि तळलेली मिरची खाऊ घातली. आमच्या कोकणात मिरची हा मसाला असतो, इथे ती भाजी असते हे मला पहिल्या घासालाच कळलं. मी ढसाढसा रडत असताना पुंडलिकभाऊ शांतपणे आपली चौथी मिरची खात होते.

नांदुऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर ते स्वतःबद्दल सांगू लागले. मूत्रपिंडात खडे झाले होते, ते काढले, पुन्हा झाले. आता अकोल्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं की विहिरीचं पाणी सोडा, नाहीतर किडन्या जातील. वडिलांच्या तशाच गेल्या होत्या. नळाचं पाणी दूरच्या धरणावरून येतं, पण हे गाव त्या पाइपाच्या अगदी शेपटाला, तिथपर्यंत येतो तो फक्त पाइप. पाइप नकाशावर दिसतो म्हणून बाकीच्या सगळ्या कचेऱ्या यंत्र नाकारतात. राहिला होता एक समुद्र. हे सगळं ते पिकपाणी सांगावं तशा सुरात सांगत होते, म्हणून मला ते जास्तच लागलं.

"पण मॅडम, तुमी काई काळजी करू नका," ते म्हणाले. "गावानं किनाऱ्याची सारी तयारी करून ठेवली हाय."

किनारा

गावाच्या फाट्यावर पत्र्याची पाटी होती. तिच्यावर निळ्या रंगात 'किनारा' असं लिहून बाण काढला होता. बाणाच्या दिशेने गेलं की कोरडा नाला लागत होता. नाल्यातली वाळू झाडून घेतलेली होती आणि मधोमध दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. एका खुर्चीवर बकरी बसली होती.

सुनंदाताई तिथेच भेटल्या. सडसडीत बाई, बोलणं नेमकं, डोक्यावर पदर आणि हातात मोबाइल. पाटीची कल्पना नवऱ्याची, हे त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं. मग खुर्चीवर बसून आम्ही प्रश्नावली उरकली. बंदर आहे का? एस.टी.चा थांबा आहे. होड्या? एक. शाळेच्या गॅदरिंगसाठी पुठ्ठ्याची केली होती, चांगल्या स्थितीत आहे. मासळी? बुधवारच्या बाजारात येते, बर्फातली. किनाऱ्याची झीज होते का, या प्रश्नाला मात्र त्या म्हणाल्या, होते, गेल्या पावसाळ्यात नाल्याने शेजाऱ्याचं अर्धं वावर नेलं. मी ते सगळं जसंच्या तसं टिपून घेतलं. कोकणातल्या कित्येक गावांनी मला याहून खोटी उत्तरं दिलेली आहेत.

शेवटचा प्रश्न होता, समुद्राशी गावाचं नातं काय. सुनंदाताई नाल्याकडे बघत म्हणाल्या, "पहिले इथं समुद्र होता म्हणतात. थो गेला. मीठ आमच्यावर टाकून गेला."

बकरी खुर्चीवरून उतरली आणि आम्ही जेवायला घरी गेलो.

घर स्वच्छ, शेणाने सारवलेलं अंगण, पुढे पत्र्याची पडवी. घरात सत्ता पुंडलिकभाऊंच्या आईची, गोदाबाईंची. सरपंच सून गाव चालवत असेल, पण पाणी गोदाबाई चालवत होत्या. पडवीच्या एका कोपऱ्यात मातीचे दोन माठ होते आणि देवघराशेजारी एक चकचकीत पितळी घागर, तिच्यावर पांढरं फडकं आणि फडक्यावर झाकण. मी आल्याबरोबर गोदाबाईंनी त्या घागरीतून तांब्या भरून दिला. पाणी गार आणि गोड. खाऱ्या पाण्याच्या गावात इतकं छान पाणी कसं, असं मनात आलं खरं. पण मिरचीने तोंड अजून पेटलेलं होतं, म्हणून मी आणखी एक तांब्या मागून घेतला.

जेवायला रोडगे होते. गव्हाच्या पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, फोडायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि घट्ट वरण. आमच्याकडे पाहुण्याला मासा वाढतात आणि काटे काढायचं काम त्याचं त्याच्यावर सोडतात. इथे वाढणारी बाई समोर बसून राहते आणि ताटात रिकामी जागा दिसली की भरते. पोट फुटायची वेळ आली तरी मी खात राहिले. फक्त मलाच वरण वाढलंय आणि बाकीचे रोडगा ठेच्याशी खातायत हे मी पाहिलं, पण त्यांना ठेचा आवडत असेल असं समजून गप्प बसले.

संध्याकाळी मला बादलीभर पाणी दिलं. प्रवासाने अंग चिकचिकलं होतं. आम्ही विहिरी काठोकाठ भरलेल्या मुलखातली माणसं, पाणी ओतताना आमचा हात आखडत नाही. मी डोक्यावरून आंघोळ केली आणि उरलेल्या पाण्यात साडी खळबळून वाळत घातली. पडवीतून गोदाबाई बघत होत्या.

विहीर

दुसऱ्या दिवशी पाण्याचे नमुने घ्यायचे होते. त्याचा एक नियम आहे. नमुना गावातल्या रहिवाशानेच काढायचा, आमच्या हातात द्यायचा, आणि देतानाचा फोटो मोबाइलमधून तिथल्या तिथे पाठवायचा. आमच्या एका सहकाऱ्याने पूर्वी आठ खाड्यांचे नमुने स्वतःच्या परसातल्या विहिरीतून भरले होते, तेव्हापासून हा नियम आला.

विहिरीवर सगळा गाव जमला होता. माझ्या पेनाएवढ्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, कोणीतरी माझ्या लाइफ जॅकेटलाही कुंकवाचं बोट लावलं. पुंडलिकभाऊंनी पोहरा सोडला, पाणी काढलं, ओंजळीत घेऊन चाखलं, जरा चमकले आणि तांब्या भरून मला दिला. मी यंत्र बुडवलं. आकडा आला गोड्या पाण्याचा. यंत्र बिघडलं असेल म्हणून चाखून पाहिलं. गोड. मग हातपंपावर गेलो. तिथे राहणारे तुळशीरामबुवा, धोतर आणि टोपी घातलेले म्हातारे, पंप मारायला उभेच होते. त्यांनी पंप मारला, तांब्या घेऊन घरात गेले, बाहेर आले आणि मला दिला. तेही गोड.

मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, मग प्रश्नच मिटला. गोडं पाणी म्हणजे किनारा नाही, किनारा नाही म्हणजे यंत्र नाही, उद्याच्या गाडीने परत या. त्यांच्या आवाजात मला सुटकेचा वास आला.

मग सुनंदाताईंना हे सांगायची वेळ आली. "ताई, तुमचं पाणी गोडं आहे," मी म्हटलं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे आणि शेवटी हळूहळू मान वळवून सासूकडे. गोदाबाई पदर सावरत कुठेतरी लांब बघत होत्या.

मग सगळं बाहेर आलं. मी विहिरीवर येणार म्हणून आदल्या रात्री सगळे झोपल्यावर गोदाबाईंनी सोनाळ्याकडून, सातपुड्याच्या पायथ्याहून, गोड्या पाण्याचा टँकर आणवून विहिरीत ओतला होता. उन्हाळ्याने विहिरीत पाणी तळाला गेलेलं, त्यामुळे टँकर त्याला पुरून उरला. तुळशीरामबुवांनी पंपाचं पाणी घरात नेऊन माठातल्या विकतच्या गोड्या पाण्याशी बदललं होतं. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच. त्यांना यंत्र नको होतं असं नाही. पाहुणी पाणी पिऊन बघणार, एवढंच त्यांना कळलं होतं.

सुनंदाताईंनी सासूला विचारलं, काऊन केलं असं. गोदाबाई म्हणाल्या, "पाव्हणीच्या हातात खारं पाणी कसं देवाव?" आणि यावर गावातलं एकही माणूस त्यांना चूक म्हणेना. यंत्राची निकड सगळ्यांना होती, पण म्हातारीचं म्हणणंही सगळ्यांना पटलेलं होतं. मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना.

घरी परतल्यावर सुनंदाताईंनी मला नीट सांगितलं. त्यांच्या गावात सोयरीक मोडायची असली की कोणी नाही म्हणत नाही. मुलगी बघायला आलेल्या मंडळींना खारं पाणी देतात. ते लोक एक घोट घेतात, पेला खाली ठेवतात आणि उठून जातात. पुन्हा कोणी कोणाच्या दारात येत नाही. "आमच्यात दोनच जण खारं पाणी पेतात," त्या म्हणाल्या. "घरचे, नाईतर दुश्मन."

मी पितळी घागरीकडे बघितलं. ते पाणी कोणाचं, असं विचारलं. सुनंदाताई काही बोलायच्या आत पुंडलिकभाऊच म्हणाले, सोनाळ्याहून रिक्षातून गोड्या पाण्याचे कॅन येतात ते डॉक्टरने त्यांच्यासाठी सांगितलेले, पण आता बरं आहे, दोन दिवस माठातलं खारं पिऊन काही होत नाही. मी त्यांची किडनी प्यायले होते, तिच्यात शिजलेलं वरण खाल्लं होतं, तिने आंघोळ केली होती आणि उरलेली साडीला लावली होती. मला इतकी लाज वाटली की तोंड लपवायला मी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडून वाचत बसले. आमच्या गुहागरला तेव्हा भरती होती.

नमुने

साहेबांना मी पुन्हा फोन केला आणि घडलं ते सांगितलं. मग ते म्हणाले, उद्याचा दिवस देतो, पण नियम तोच. रहिवाशाने काढायचं, तुमच्या हातात द्यायचं, फोटो पाठवायचा. त्याशिवाय मी काही करू शकत नाही.

गावाच्या दुसऱ्या टोकाला शेतात एक विहीर होती. तिच्यात टँकर पडलेला नव्हता. सकाळी आम्ही तिथे गेलो. पुंडलिकभाऊ म्हणाले, हे काय मोठं काम, आणि पोहरा सोडून पाणी काढलं. मी हात पुढे केला. त्यांनी तांब्या उचलला, माझ्याकडे दोन पावलं आले आणि थांबले. मग तांब्या विहिरीच्या काठावर ठेवला आणि म्हणाले, "तुमीच उचला न मॅडम." मोबाइलमध्ये फोटो आला तो काठावर ठेवलेल्या तांब्याचा आणि पाठमोऱ्या पुंडलिकभाऊंचा. तो काही चालला नाही.

तुळशीरामबुवांनी तोवर मार्ग काढला होता. ते काठोकाठ भरलेला पेला घेऊन आले, थेट माझ्या हातात दिला, फोटोही उत्तम निघाला. मी यंत्र बुडवलं आणि आकडा बघून आनंदाने टुणकन उडी मारायची तेवढी बाकी राहिली. मग वास आला. त्यांनी त्यात साखर आणि लिंबू घातलं होतं. नुसतं खारं कसं देणार, म्हणून सरबत केलं. साहेबांना मी प्रामाणिकपणे विचारलं, सरबत चालेल का. ते म्हणाले, नोकरी टिकवायची असेल तर हा प्रश्न तुम्ही मला विचारला नाहीत असं समजू.

मग सुनंदाताई उठल्या. आता त्या देतील याबद्दल मला शंका नव्हती. नवऱ्याची किडनी पणाला लागलेली, गावाचं यंत्र पणाला लागलेलं, कचेऱ्यांचे उंबरे झिजवून झालेले. त्यांनी पाणी काढलं, पेला भरला, माझ्यासमोर धरला. मी पेल्याला हात लावला आणि त्यांनी तो सोडलाच नाही. आम्ही दोघी तो पेला धरून उभ्या राहिलो. त्यांचे डोळे भरले होते. "नाई होत मॅडम माह्याच्यानं," त्या म्हणाल्या आणि पेला परत विहिरीत ओतला.

दुपार कलायला लागली. संध्याकाळी मला मलकापूरला पोचायचं होतं. जीप दाराशी लावली, दोरखंड आणि जॅकेट मागे टाकलं. निघताना पाया पडायला म्हणून मी गोदाबाईंकडे गेले. चुलीपुढे बसून त्या काहीतरी विचार करत होत्या.

"तुही माय हाय का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, वारली.

त्या उठल्या. आतून पाट आणला, मांडला आणि मला बस म्हणाल्या. मला वाटलं, निघताना लावतात तसं कुंकू लावणार असतील. त्यांनी कुंकू लावलं, मग नारळ आणि चोळीचा खण आणून माझी ओटी भरली. पाठीवरून हात फिरवला. हाताला शेणाचा आणि धुराचा वास होता. मग त्यांनी पडवीतल्या मातीच्या माठातून, ज्यातलं घरचे सगळे प्यायचे त्यातून, पेला भरला आणि माझ्यासमोर धरला.

"घे, पेय," त्या म्हणाल्या. "लेकीले कायचं येगळं पाणी?"

सुनंदाताईंच्या लक्षात आधी आलं. त्यांनी मोबाइल काढला. मी पेला घेतला आणि एक घोट प्यायले. मचूळ, कडसर, गिळलं तरी जिभेवर बसून राहणारं पाणी. समुद्रासारखं ते नाहीच. समुद्राचं पाणी माणूस थुंकून टाकतो, हे तो जन्मभर पितो. दुसरा घोट मी बळजबरीने घेतला, कारण सासरहून आलेली लेक माहेरचं पाणी अर्धं टाकत नाही. उरलेल्यात यंत्र बुडवलं. आकडा आला खाऱ्या पाण्याचा, आणि पुंडलिकभाऊंनी तो दोनदा मोठ्याने वाचून दाखवला.

साहेबांना फोटो गेला. त्यात माझ्या कपाळभर कुंकू, मांडीत नारळ, हातात पेला आणि पुढे सत्तरीची बाई. साहेबांनी विचारलं, हा कसला समारंभ. मी कळवलं, स्थानिक पद्धतीने नमुना घेतला. त्यांनी तो मंजूर केला.

परत

मलकापूरच्या फलाटावर पुंडलिकभाऊंनी मला कचोऱ्यांची पुडी आणि पाण्याची बाटली दिली. बाटलीतलं पाणी मी चाखून पाहिलं. खारं होतं. मी त्यांच्यासमोरच आणखी एक घोट घेतला. गाडी हलल्यावर त्यांनी मिशीला पीळ दिला आणि हात हलवला.

यंत्र आलं. किनारी योजनेतलं असल्याने त्याच्यावर उडी मारणारा डॉल्फिन रंगवलेला आहे, असं सुनंदाताईंनी फोनवर सांगितलं. गावातल्या काही म्हाताऱ्या त्याला माशाचा अवतार समजून फूल वाहतात. गाव किनाऱ्यावर नोंदलं गेल्यामुळे त्यांना आता वादळाचे इशारेही येतात. समुद्र खवळलेला आहे, मच्छीमारांनी पाण्यात जाऊ नये, असा निरोप आला की सुनंदाताई तो देवळाच्या भोंग्यावरून वाचून दाखवतात, कारण सरकारी निरोप वाचलाच पाहिजे. आजवर गावातलं एकही माणूस आज्ञा मोडून समुद्रात गेलेलं नाही. पुंडलिकभाऊंची तपासणी झाली, डॉक्टर म्हणाले की आहे तिथेच थांबलंय. हे सांगून सुनंदाताईंनी फोन सासूकडे दिला.

गोदाबाईंना फोनवर बोलायची सवय नाही, त्या ओरडूनच बोलतात. कधी येतेस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येईन, आता तर तुमच्याकडे सगळ्यांना गोडं पाणी.

"हाव, सारे गोडं पेतात आता," त्या म्हणाल्या. "पावणे बी अन् घरचे बी. पण तू ये. तुह्यासाठी एक माठ खारा भरून ठेवला हाय."

मी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज केला. कारण म्हणून लिहिलं, माहेरी जाणे. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "बाई, तुमचं माहेर तर इथलंच ना, गुहागरचं? त्याला आठ दिवस कशाला?"

मी म्हटलं, "दुसरंही आहे. तेही किनाऱ्यावरच."